शेवटून चालणाऱ्या द्वारकाबाई

द्वारकाबाईंचं नाव निघालं की चिपळुणातल्या जुन्या बायका अजून हात जोडतात. मी जोडत नाही. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला माझी जीभ अडखळते असं नाही, पण चार शब्द चांगले बोलले की पाचवा आपसूक तिखट येतो. इतकी वर्षं झाली, त्या गेल्या, ज्यांच्यावरून माझं पोट दुखत होतं ती माणसंही गेली. पोटदुखी मात्र आपली जागच्या जागी आहे.

त्या आमच्या मुलींच्या शाळेत आल्या तेव्हा मी तिथे तीन-चार वर्षं जुनी होते. आमचे हे मुंबईला एका गिरणीच्या कचेरीत कामाला, खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहत. त्यामुळे मी माहेरी आईजवळ राहून नोकरी करत होते. सगळ्या गावात माझी ख्याती होती ती चालण्याबद्दल. माझा मामा घाटाच्या पायथ्याच्या वाडीत राहायचा. त्याच्या घरामागून धनगरांची वाट चढत जाते ती थेट माथ्यावर, माळजाईच्या सड्यावर. वर झाड नाही, घर नाही. उघडा, सपाट, नजर पोचेल तिथवर गवताचा सडा, आणि मध्ये एका शिळेला शेंदूर फासलेला, ती माळजाई. पाऊस ओसरताना तिथे फुलं येतात. सोनकीची पिवळी, तेरड्याची गुलाबी, आणि ओल्या कातळावर सीतेची आसवं म्हणतात ती निळी, इवलीशी. दहा वर्षांची असताना मी पहिल्यांदा तो डोंगर चढले ते मामाच्या मुलांशी शर्यत लावून. सगळ्यांच्या आधी पोचले. पोचल्याबरोबर मागे वळून पाहिलं, कोण किती मागे राहिलंय ते. ती मेली अजून अर्ध्या वाटेवर धापा टाकत होती. तो आनंद मला अजून आठवतो.

तर अशा माझ्या राज्यात द्वारकाबाई आल्या. ठेंगण्या, चांगल्या भरलेल्या, आणि दम्याच्या. त्या राजापूरकडच्या, समुद्रकाठच्या नाटे गावच्या. नवरा गलबतावर तांडेल होता, तो एका सालच्या वादळात परत आला नाही. मग भावाने त्यांना शिकवलं आणि त्या मास्तरीण झाल्या. वर्गात त्या क्रमिक पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलत, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की नाट्याच्या होत. हातात कायम काळी छत्री. उन्हात, पावसात आणि देवळाच्या मंडपातसुद्धा ती उघडीच. कमरेला आलेपाकाच्या वड्यांची डबी खोचलेली. त्या जवळ आल्या की आधी आल्याचा वास यायचा, मग छातीतली शिट्टी ऐकू यायची, मग त्या दिसायच्या.

दम्याशी त्यांचं नातं शेजारणीसारखं होतं. शाळेच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "जरा उभी रहा गो. आमचा दमा मागं राहिला. येऊ दे त्याला." मुली खिदळायच्या आणि थांबायच्या. मी पायऱ्या दोन-दोन चढत असे. मला पाहून त्या म्हणत, "वेणू, तू कुठंय पोचतंस लवकर. पोचून करतंस काय?"

आल्यावर पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या माझ्याकडे आल्या. "तो डोंगर मला दाखव," म्हणाल्या. "सगळा जन्म दर्यावर गेला. डोंगर जवळून कसा असतो, माहीत नाय." मला हसू आलं, आणि थोडा अभिमानही वाटला. घेऊन गेले मी त्यांना. पायथ्याच्या वाडीत मामाकडे मुक्काम केला आणि उजाडताना निघालो. थोडा वेळ मी त्यांच्याबरोबर चालले. पण त्यांच्या चालीने चालणं म्हणजे भाताला आधण येण्याची वाट बघत बसणं. मी म्हटलं, "बाई, वाट एकच आहे, या हळूहळू," आणि सुटले. वर पोचून वाट पाहिली, भूक लागली, आणलेलं तवसं काढलं. आमच्याकडची ती मोठी पावसाळी काकडी. निम्मं संपवलं तेव्हा काळी छत्री काठावर उगवली. घामाने थबथबलेल्या, तोंड लाल झालेलं, छाती भात्यासारखी. इकडे तिकडे बघायच्या आधी त्यांची नजर माझ्यावर पडली. दम धरून म्हणाल्या, "बरं आहे का तवसं?"

"छान आहे. घ्या की," मी म्हटलं. खरंच छान होतं.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण हे, की त्यांना तो सडा दाखवला मी. वाट माझी, मामा माझा, तवसंही माझं. आणि पुढच्याच वर्षी सगळं चिपळूण म्हणू लागलं, 'द्वारकाबाईंचा सडा.' वारूळ मुंग्यांनी बांधायचं आणि नागोबाने आयतं बसायचं, ती गत.

त्यांनी केलं काय, ते ऐका. आमच्या गावातल्या बायकांचं जग म्हणजे चूल, विहीर, देऊळ आणि फार तर बाळंतपणाला माहेर. पुरुष मंडळींचं त्या दिवसांत सभा, प्रभातफेऱ्या सगळं चाललं होतं; बायकांनी डोंगर बघायला जायचं म्हटलं असतं तर घरोघरी भांडी आदळली असती. द्वारकाबाई कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत. नवरात्र तोंडावर आलं तशा घरोघरी गेल्या आणि थोरल्या माणसांना म्हणाल्या, "माळजाईची ओटी भरायची राहिलेय. सड्यावर एकटीच असते बिचारी. शुक्रवारी बायका न्यायच्या म्हणत्ये." आता देवीच्या ओटीला नाही कोण म्हणणार? ज्या सासऱ्यांनी सुनेला कधी नदीकाठी जाऊ दिलं नव्हतं त्यांनी स्वतः बैलगाडी जोडून दिली. माळजाईला त्याआधी कित्येक वर्षांत धनगरांखेरीज कुणी नारळ वाढवला नव्हता. त्या शुक्रवारी तिला इतके खण आले की धनगरणींच्या वर्षभराच्या चोळ्या झाल्या.

आणि त्यांची चालायची पद्धत! ती मात्र साफ उलटी. डोंगरात वाट माहीत असलेला माणूस पुढे असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. द्वारकाबाईंच्या ओळीत जी सगळ्यांत हळू, जी सगळ्यांत घाबरट, जी आयुष्यात पहिल्यांदा चढतेय, ती सगळ्यांत पुढे. तिला त्या 'नवरी' म्हणायच्या. "नवरी पुढं! बाकीच्या वऱ्हाडी मागनं." नवरीला कुणी ओलांडून जायचं नाही. ती बसली की सगळी ओळ बसायची. ती निघाली की सगळी निघायची. आणि स्वतः द्वारकाबाई छत्री उघडून सगळ्यांच्या शेवटी.

शेवटून त्या मधूनमधून हाक द्यायच्या, "पुढं काय दिसतंय गो?" तो प्रश्न एकीकडून दुसरीकडे करत ओळीतून वर जायचा आणि नवरीचं उत्तर तसंच तोंडोतोंडी खाली यायचं. "कारवी दिसतेय." "एक खेकडा दिसतोय." "धुकं आहे, काही दिसत नाही." सगळी ओळ तेवढ्यापुरती थांबायची, सगळ्यांना श्वास मिळायचा, आणि आपण दमून थांबलो असं कुणालाच वाटायचं नाही. नवरीला तर वाटायचं, आपण केवढ्या कामाच्या! खरं म्हणजे द्वारकाबाईंचा दमा मागे राहिलेला असायचा, तो तेवढ्यात येऊन पोचायचा. ही त्यांची चलाखी मी पहिल्याच दिवशी ओळखली होती. बाकीच्या भोळ्या बायका मात्र तिला माया समजत होत्या.

पोस्टमास्तरीणबाईंची गोष्ट अजून सांगतात. अंगाने जाड, स्वभावाने भित्र्या, पाल चुकचुकली तरी स्वयंपाकघर सोडणाऱ्या. त्या वर्षी त्या नवरी. पहिल्या चढावरच त्यांनी बसकण मारली आणि रडायला लागल्या. मागून प्रश्न आला, पुढं काय दिसतंय? त्या रडत म्हणाल्या, "माझे पाय दिसतायत!" उत्तर खाली गेलं. खालून प्रश्न आला, "कसे आहेत?" त्यांनी खाली पाहिलं. "चिखलाने भरलेत." थोड्या वेळाने खालून निरोप आला, "द्वारकाबाई सांगतायत, दोघांतला जास्ती चिखलाचा असेल तो आधी टाका." सगळ्या ओळीला हसू फुटलं, पोस्टमास्तरीणबाईही रडता रडता हसल्या, आणि कुठला पाय जास्ती भरलाय ते ठरवता ठरवता उठून चालायला लागल्या. त्या चढल्या. मी मध्ये कुठेतरी पायावर पाय देत उभी होते. मला पुढे जाता येत नव्हतं, मागे राहवत नव्हतं. एवढा वेळ मी कुठे उभी राहिले असेन तर भावाच्या बाळाला झोपवताना दारात.

शेवटचा नियम सगळ्यांत वरचढ. माथ्याच्या जरा खाली वाटेला एक वळण आहे, तिथे मोठा धोंडा आहे. तिथे ओळ थांबायची. नवरीने एकटीने वर जायचं. बाकीच्यांनी तिथेच उभं राहायचं, ती हाक मारीपर्यंत. "सडा पहिल्यांदा दिसतो तो एकदाच," द्वारकाबाई म्हणायच्या. "तिच्यापुढं कुणाची पाठ नको."

मी एकदा म्हटलं, "मग मला कधी पाठवणार पुढे?"

"तू कशी नवरी?" त्या म्हणाल्या. "तू दहा वर्षांची असताना बघून आलंस ना?"

बघून आले होतेच की.

त्यांचं ते कौतुक ऐकून ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. त्या साली दिवाळीच्या सुट्टीत मीही बायका न्यायचं ठरवलं. माझ्या मर्जीतल्या, चांगल्या चालणाऱ्या, तरण्याबांड अशा निवडल्या. ओटीबिटीचं निमित्त नाही, नवरीबिवरी नाही. सरळ चालायचं, झपाझप वर, तासभर फुलं बघायची, दुपारच्या जेवणाला परत. खाली अजून सगळं हिरवंगार होतं, परड्यात झेंडू, कुंपणावर कारली. डोंगर तरी असा किती दूर? आम्ही झपाझप वर पोचलो. मी पुढे होते. आणि वर पाहते तो सगळा सडा वाळलेला. एक फूल औषधाला नाही. कमरेइतकं पिवळं गवत आणि त्याला आलेली कुसळं. आम्ही सगळ्या नऊवारी नेसलेल्या, कासोटे घातलेले. दहा पावलं चाललो नाही तोच लुगड्यांना कुसळांची झालर लागली. कुसळ म्हणजे नुसतं चिकटत नाही, ते आत आत शिरतं. एकीच्या पोटरीत गेलं, एकीच्या मांडीत. बसावं तर बसता येईना. उतरताना अर्ध्या वाटेवरच्या धनगराच्या अंगणात आम्ही उभ्या राहून एकमेकींची लुगडी निवडत होतो आणि धनगरीण तोंडाला पदर लावून हसत होती. दुपारचं जेवण दिवेलागणीला झालं. परत येताना माझ्याशी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मागल्या पडवीत लुगडं पसरून बसले होते. आई शेजारी. आई म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायची सवय तुला. आता स्वतःच्या लुगड्यातली बघ." इतक्यात आल्याचा वास आला. मागोमाग द्वारकाबाई. मला वाटलं, आता टोमणा येणार. मी उत्तर तयार ठेवलं. त्यांनी छत्री मिटली, खाली बसल्या, लुगड्याचं दुसरं टोक मांडीवर ओढलं आणि कुसळं काढायला लागल्या. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाल्या, "वर सगळंच आपल्या आधी होतं गो. आधी फुलतं, आधी वाळतं. मी दोनदा धनगराला विचारायला माणूस पाठवत्ये, मग दिवस ठरवत्ये." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. माझं तयार ठेवलेलं उत्तर तसंच राहिलं.

वाईट झालं ते पुढेच. आईला त्या आवडल्या.

आता आईबद्दल सांगायला हवं. आमच्या घराची मागली बाजू पूर्वेला. आई रोज संध्याकाळी भांडी घासून पालथी घातली की पदराला हात पुसत डोंगराकडे बघत उभी राहायची. त्या वेळी तो निळा पडायचा. मी लहान असल्यापासून ती एकच वाक्य म्हणायची, "वर काय असंल गो?" मी सांगायचे. सडा आहे, फुलं आहेत, वारा आहे, मी नेईन तुला. मोठी झाल्यावर दर वर्षी म्हणायचे, चल. ती म्हणायची, "तुझ्या पाठनं मी नाय बाय. तू धावतंस." मी म्हणायचे, नाही धावणार. ती म्हणायची, "मग थांबून थांबून माझ्याकडं बघत ऱ्हाशील. त्यापरीस इथनंच बरा दिसतो." त्यात घरचं काम. आजोबा अंथरुणावर होते, ते गेले. मग बाबांचं दुखणं, तेही गेले. धाकट्या भावाच्या बायकोची बाळंतपणं. आईला हाक मारली नाही असा त्या घरात एक तास गेला नसेल. त्या हाकांत निम्म्या माझ्या होत्या, ते वेगळं.

आईला सड्यावर मीच नेणार, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की त्याची काळजी मी कधी केली नव्हती. आणि पुढच्या नवरात्रात आईने एका सकाळी माझी वेणी घालताना सांगितलं, "शुक्रवारी मी द्वारकाबाईंबरोबर जात्ये."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "ओटी भरायला जातात तिथे. तुला कशी चालेल?" बोलले आणि ऐकू आलं काय बोलले ते. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आईने वेणी जरा घट्ट आवळली. हे मी शाळेत द्वारकाबाईंना ऐकवलं, रागारागाने. त्या म्हणाल्या, "ओटी बाकीच्या भरतील. तुझी आई सडा बघायला येतेय. तिला कशाला निमित्त लागतंय?"

मीही गेले. न जाऊन सांगते कुणाला? "नवरी पुढं!" अशी हाक झाली आणि आई, कपाळ मोकळं, पांढरे केस, लाजून लाल झाली. या वयात कुणी नवरी म्हणावं! पण गेली पुढे. मला त्यांनी ओळीत बरंच मागे टाकलं होतं. मला आईची पाठ तेवढी दिसत होती, तीही वळणावर नाहीशी व्हायची. किती हळू चालली ती! पण एकदाही मागे वळली नाही. मागून प्रश्न जायचे, तिची उत्तरं यायची, आणि प्रत्येक उत्तर चार बायकांच्या तोंडून माझ्यापर्यंत पोचायचं. "पाण्याचा आवाज येतोय म्हणतायत." "आपलं घर कुठलं ते कळत नाही म्हणतायत." माझ्या आईचे शब्द मला पोस्टमास्तरीणबाई सांगत होत्या!

धोंड्याशी आलो. आई थांबली नाही, तशीच वर गेली. मला राहवेना. तीस वर्षं मी तिला त्या सड्याबद्दल सांगत होते. तो बघताना तिचं तोंड मी नाही बघायचं, तर कुणी? मी ओळ मोडून पुढे झाले. आणि मागून कुठून आल्या कोण जाणे, दम्याच्या बाई, त्यांनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे असं की बांगडी पिचली.

"सोडा. माझी आई आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. छातीत शिट्टी वाजत होती, पण हात ढिला झाला नाही.

ओळीने नेहमीसारखा प्रश्न वर पाठवला. पुढं काय दिसतंय? उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. नाही. वारा तेवढा गवतावरून खाली येत होता. आणि मग वरून हसू ऐकू आलं. मोठ्याने, मोकळं, मुली झोपाळ्यावर हसतात तसं. मला क्षणभर कळलंच नाही की ही आई. तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. तोंडावर हात न घेता तर कधीच नाही.

हाक आल्यावर आम्ही वर गेलो. आई सोनकीत बसली होती, पाय लांब करून. मी विचारलं, "का हसलीस?" म्हणाली, "काय नाय गो." जेवताना विचारलं, परतताना विचारलं. "काय नाय गो." उतरताना मात्र ती द्वारकाबाईंच्या बरोबर शेवटी राहिली. दोघी छत्रीखाली. आई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली, आणि दोघीही हसल्या.

त्यांना सांगितलं. मला नाही. पोटच्या पोरीला नाही, आणि नाट्याहून आलेल्या या दम्याच्या बाईला सांगितलं. त्या दिवशी मला द्वारकाबाईंचा जो हेवा वाटला त्याला तोड नाही. सवतीचा वाटतो म्हणतात, मला तो अनुभव नाही; पण याहून जास्त काय वाटत असेल? मी त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. शाळेत समोरून आल्या की फळा पुसायला लागायचे. त्या आपल्या नेहमीसारख्या म्हणायच्या, "वेणू, आलेपाक घे." आणि संध्याकाळी आमच्या मागल्या पडवीत आईशेजारी बसून डोंगर बघायच्या. दोघी फारशा बोलायच्या नाहीत. आई मात्र 'वर काय असंल गो' म्हणायची बंद झाली होती.

आई पुढे चार पावसाळे काढून गेली. शेवटच्या दुखण्यात मी तिला एकदा विचारलंही, निर्लज्जासारखं. तिने माझ्या हातावर थोपटलं आणि पाणी मागितलं.

द्वारकाबाईंचा दमा त्यानंतर वाढला. पायऱ्या चढवेनात, नोकरी सोडायची ठरली. भाचा येऊन बोटीने त्यांना नाट्याला नेणार होता. निघायच्या आधी त्या आमच्याकडे आल्या आणि पडवीत बसल्या. मी चहा दिला. राहवलं नाही, म्हटलं, "आता तरी सांगा. आई का हसली होती?"

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "सांगीन," म्हणाल्या. "पण मला एकदा वर ने."

"या छातीने?"

"डोंगर काय पळून जात नाय, मीच चालल्येय." मग म्हणाल्या, "वेणू, एवढ्या बायका नेल्या, पण मोकळा सडा मी कधी बघितलाच नाय गो. नंतर कायम मी शेवटून. आणि पहिल्या वेळी..."

पहिल्या वेळी काय, ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. तवशाची चव माझ्या तोंडात आली.

नवरात्र होतंच. धनगराकडे मी दोनदा माणूस पाठवला. पायथ्यापासून अर्ध्या वाटेवरच्या धनगरवाड्यापर्यंत त्यांना डोलीतून नेलं, तिथून पुढे चालत. जुन्या सगळ्या बायका आल्या होत्या, पोस्टमास्तरीणबाईही, आता चांगल्या काटक झालेल्या. मीच ओरडले, "नवरी पुढं!" द्वारकाबाईंनी छत्री उघडली आणि ओळीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी शेवटी. पहिल्यांदाच मी शेवटून तो डोंगर चढत होते. त्या चार पावलं टाकायच्या आणि थांबायच्या, सगळी ओळ थांबायची. शेवटून कसं दिसतं ते मला तेव्हा कळलं. कुणाचा पदर काट्याला अडकलाय, कुणाची टाच फुटलीय, कोण कुणाला हात देतंय. मी मधूनमधून विचारायचे, पुढं काय दिसतंय? तोंडोतोंडी उत्तर यायचं, "द्वारकाबाई म्हणतायत, दमा दिसत नाही, मागं राहिला वाटतं." निम्म्या बायका हसायच्या, निम्म्या डोळे पुसायच्या.

धोंड्याशी ओळ थांबली. मी मागून पुढे आले. त्या धोंड्याला टेकून श्वास घेत होत्या, ओठ निळसर झालेले. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "तुझी आई म्हणाली, बाई, वर गेल्ये आणि बघत्ये तर तिथं कुणीच नाय. कुणी काय मागत नाय. म्हणून हसू आलं."

एवढंच. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं जळले होते. आई वर उभी असताना खालून आम्ही विचारत होतो, पुढं काय दिसतंय, पुढं काय दिसतंय. तिने पहिल्यांदाच उत्तर दिलं नव्हतं. मी तिथेच धोंड्यावर बसले. आणि खरं सांगते, रडू येण्याआधी वाटला तो हेवाच. हे तिने मला का सांगितलं नाही ते आता कळत होतं. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, म्हणजे आम्ही काय फार मागायचो का तुझ्याकडे?

द्वारकाबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वर गेल्या.

नंतर मी त्यांना पोचवायला बोटीवर गेले होते. तिथे गर्दी होती, भाचा घाईत होता, सामान होतं. ते दिसणं मी धरत नाही. शेवटच्या त्या मला दिसल्या त्या इथे, धोंड्याजवळून. चार पावलं, थांबल्या, चार पावलं. मग छत्री काठावर पोचली. त्या पुढे आणखी थोड्या गेल्या, आता गवतावर फक्त छत्री आणि डोकं दिसत होतं. मग त्यांनी छत्री मिटली. मिटलेली छत्री त्यांच्या हातात मी क्वचितच पाहिली होती. पाठ आमच्याकडे, केस वाऱ्याने उडतायत, भोवती सगळी सोनकी. तोंड दिसत नव्हतं. माझी मान आपोआप लांब होत होती.

पोस्टमास्तरीणबाईंना दम निघेना. त्या पुढे सरकल्या. मी त्यांचं मनगट धरलं.

"अहो वेणूबाई, त्यांना बरं नाही. विचारा तरी, काय दिसतंय?"

प्रश्न माझ्या ओठांवर होता. तोंड उघडलंही होतं. वर गवतात ती ठेंगणी पाठ हळूच खाली बसली आणि दिसेनाशी झाली. मला द्वारकाबाईंचा हेवा वाटला, आईचा वाटला, आणि दहा वर्षांची जी पोरगी तिथे पोचून मागे वळून बघत उभी राहिली होती तिचा राग आला. मी पोस्टमास्तरीणबाईंचा हात तसाच घट्ट धरून ठेवला आणि काही विचारलं नाही.